फ्लेक्सवरची मुलगी आता कुठे आहे?

प्रश्न : मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. नीटला मार्क कमी पडले. जवळच्याच एका खासगी कॉलेजात डीएमएलटीला (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला) जागा आहे, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणतात. फी भरू का? या कोर्सला कशी मुलं येतात, पुढे त्यांचं काय होतं?
— एक पालक, बार्शी

उत्तर : भाऊ, सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये माझी ३१ वर्षं गेली आणि निवृत्तीनंतर दोन वर्षं मी एका खासगी कॉलेजात शिकवलं. त्या कॉलेजच्या गेटवरही ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चा, नोकरी लागलेल्यांच्या फोटोंचा फ्लेक्स होता. त्यावर झळकलेली एक मुलगी रक्ताचे नमुने घेणाऱ्या कलेक्शन सेंटरवर जेमतेम तीन आठवडे टिकली. फ्लेक्स लागला तेव्हा ती गावी परत गेलेली. ती धरून शंभर टक्के!

वर्गाचं म्हणाल तर माझ्याकडे मुलीच जास्त. तालुक्याच्या गावातल्या, नीट हुकलेल्या; पहिला महिनाभर तोंडं उतरलेली असायची. मागच्या बाकावर दोन-तीन थोराड पोरं, आधीच कुणाच्या तरी लॅबमध्ये रक्त काढणारी, नुसता कागद हवा म्हणून आलेली. खरं सांगू? नोकरी आधी त्यांनाच लागायची, कारण हात बसलेला.

तेव्हा कॉलेजात जाऊन दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठा. शुगरला करड्या झाकणाची ट्यूब, सीबीसीला (रक्तपेशींच्या तपासणीला) जांभळ्या, हे ती सांगेलच. मग विचारा, निळ्या झाकणाची किती भरायची? खुणेपर्यंत, बरोब्बर. आत रक्त गोठू न देणारं सायट्रेट मोजून घातलेलं असतं, एका भागाला नऊ भाग रक्त. कमी भरली की पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, उगाच वाढलेला येतो, आणि त्यावर पेशंटच्या रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस ठरत असतो. माझ्या एका विद्यार्थिनीने हे पेपरात चोख लिहिलं होतं. दवाखान्यात पहिल्याच दिवशी तिने अर्धी ट्यूब पाठवली. वर्षभर रबरी नळीत सुई टोचून शिकलेली, तिचा काय दोष? म्हणून ट्रेनिंग कुठल्या हॉस्पिटलात, किती महिने, सकाळच्या ओपीडीच्या गर्दीत मुलांना खरंच उभं करतात का, हे खोदून विचारा.

कागदही तपासा. २०२१ साली या क्षेत्रासाठी केंद्राचा स्वतंत्र कायदा आला, आपल्याकडे महाराष्ट्र परावैद्यक परिषद आहे. मागच्या बॅचमधल्या कुणाची परिषदेकडे नोंदणी झाली असेल तर दाखवा म्हणावं. ऑफिसातले लोक ‘साहेब आले की बघू’ म्हणाले, तर चहा पिऊन निघा. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवीचा कोर्सही बघून ठेवा. तीन वर्षं आणि वर इंटर्नशिपचं एक वर्ष. वेळ जास्त जातो, पण माझी मुलगी असती तर मी तिथेच आधी रांग लावली असती.

आणखी एक, जरा घरातलं. मोठ्या हॉस्पिटलची लॅब रात्री बंद होत नाही. माझ्या कितीतरी चांगल्या मुली लग्नानंतर पहिली नाइट ड्यूटी लागली तशा घरी बसल्या. पगारावर चर्चा करण्याआधी यावर करा.

कॉलेज बघायला जाताना लेकीला सोबत न्या. रक्त पाहून तिला भोवळ येते का, एवढं तरी कळेल.