राक्षस मारते, पण मनानं मऊ आहे

गोष्ट लिहिणाऱ्या वाचकांचे प्रश्न आणि ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. एक मोठी गोष्ट लिहायला घेतली आहे. नायिका माझ्याच वयाची, आपल्या इंदूरचीच. दिवसा कॉलेज, क्लास, घरातली कामं. रात्री ती राक्षस शोधून मारते. घरात कुणालाही हे माहीत नाही. पण ती फार मायाळू आहे, मुंगीसुद्धा मारत नाही. मैत्रीण म्हणते, मग ती राक्षस तरी कशी मारेल? ती ओळख का लपवते, याचंही नीट कारण मला सापडत नाही. ‘कळलं तर धोका’ एवढंच लिहिलं आहे. आणि आई म्हणते, हे सगळं परदेशी कार्टूनमधून उचललेलं आहे, आपल्याकडे असं काही नसतं. — एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आईच्या बोलण्यापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या दोन्ही प्रश्नांची वाट तिथूनच जाते. ओळख लपवून राक्षस मारणारा वीर आपल्याकडे थेट महाभारताच्या आदिपर्वात आहे. लाक्षागृहातून सुटल्यावर पांडव एकचक्रा नगरीत ब्राह्मणवेषात, भिक्षा मागून राहत होते. माझे वडील कीर्तनकार. गणेशोत्सवात ते बकवधाचं आख्यान लावायचे तेव्हा लोक भीमाची वाट बघत बसायचे, आणि ते मात्र कुंतीला सोडून पुढे सरकायचे नाहीत.

प्रसंग असा : ज्या घरी पांडव उतरले आहेत त्या घरात रडारड चालली आहे. गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस, असा बकासुराचा कर. आज पाळी या घराची. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी. आणि अजून नीट बोलताही न येणारा धाकटा मुलगा हातात गवताची काडी घेऊन म्हणतो, या काडीनं मी राक्षसाला मारीन. कुंती हे ऐकते आणि आपला मुलगा देते. पण एक अट घालते : हे कुणाला सांगायचं नाही. कारण काय देते? लोकांना कळलं, तर राक्षस मारायची विद्या शिकायला कुतूहलापोटी येतील आणि माझ्या मुलांना भंडावून सोडतील. काम झाल्यावर भीम बकाचं धूड नगराच्या वेशीवर टाकून गुपचूप निघून जातो. गावानं विचारल्यावर तो यजमान सांगतो की मंत्र जाणणारा कुणी एक थोर ब्राह्मण होता, त्याला माझी दया आली.

हे आईला वाचून दाखव. ओळख लपवणं, दया येणं, राक्षस मारणं, तिन्ही एका ठिकाणी आहेत आणि फार जुनी आहेत. कार्टूनं तू बघितली असशील, त्यात वाईट काही नाही. पण गोष्टीला मुळं हवीत ती तुझ्या पायाखालच आहेत.

आता लपवण्याचं कारण. ‘कळलं तर धोका’ मला पटत नाही. धोका कुणाला, कसला, हे वाचक लगेच विचारतो. कुंतीचं कारण बघ. ते भीतीचं नाही, गर्दीचं आहे. हेच तुझ्या नायिकेला लाव. समजा गल्लीत कळलं की ही मुलगी राक्षस मारते. सकाळी दारात रांग लागेल. कुणाच्या नातवाला झोप लागत नाही, कुणाच्या सुनेला बाहेरची बाधा झाली म्हणतात, कुणाला शेजाऱ्याचा काटा काढायचा आहे. आणि ती मायाळू आहे ना? मग ती कुणालाच नाही म्हणू शकणार नाही. महिनाभरात तिची दशा होईल, आणि जिथं खरोखर राक्षस आहे तिथं ती पोचणारच नाही. ती लपते, कारण तिला नाही म्हणता येत नाही. तिचा मऊ स्वभाव आणि तिचं गुपित या दोन वेगळ्या गोष्टी ठेवू नकोस. एकातूनच दुसरी येऊ दे, गोष्ट आपोआप घट्ट होईल.

आणखी एक कारण आहे, मला ते जास्त जवळचं वाटतं. ज्याला वाचवलं त्याच्या मानेवर उपकार बसू नयेत. शेजारच्या काकूंना तिनं रात्री वाचवलं आणि सकाळी त्याच काकू तिला ‘दूध उतू घालवलंस गं’ म्हणून रागावल्या, असा प्रसंग लिहून बघ. काकूंना रागावता येतं, कारण त्यांना माहीत नाही. त्या मुलीला तेच हवं आहे.

मैत्रिणीचा प्रश्न चांगला आहे, तिला माझ्यातर्फे शाबासकी दे. त्याचं उत्तर नवरात्रात घरोघरी वाचलं जातं, फक्त आपण भरभर म्हणत पुढे जातो. सप्तशतीच्या तेरा अध्यायांतला चौथा घे. महिषासुर पडल्यावर देव देवीची स्तुती करतात आणि म्हणतात, ‘चित्ते कृपा समरनिष्ठुरता च दृष्टा’, मनात कृपा आणि युद्धात कठोरपणा, हे तुझ्याच ठायी दिसलं. तिथंच असंही म्हटलंय की नुसत्या नजरेनं तू यांना भस्म करू शकली असतीस, तरी शस्त्र चालवलंस, कारण शस्त्रानं शुद्ध होऊन या शत्रूंनाही चांगला लोक मिळावा अशी तुझी इच्छा. शत्रूच्याही पुढच्या गतीची काळजी करणारी ती देवी आहे. मुंगी न मारणाऱ्या मुलीचा हात राक्षसावर का उठतो, याचं याहून नेमकं कारण मला सुचत नाही.

खंडोबाचंही तसंच. मणी आणि मल्ल या दोन दैत्यांशी देवाचं युद्ध झालं. मणी शेवटी शरण आला, आणि देवाजवळ राहण्याचा वर त्याला मिळाला. होळकरांचं कुलदैवत हेच. आपल्या राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे, तिथं एकदा जाऊन ये आणि मग मणीवर एक प्रकरण लिही. भीमाचाही शेवटचा भाग सांगायचा राहिला : बक मेल्यावर त्याचे नातेवाईक राक्षस घाबरून बाहेर आले. भीमानं त्यांना मारलं नाही. यापुढे माणसांना मारायचं नाही असं कबूल करवून घेतलं आणि सोडून दिलं. तुझ्या नायिकेला असा एक तरी सौदा करू दे. तलवारीच्या प्रसंगांपेक्षा हा लिहायला अवघड आहे, म्हणूनच लिही.

राक्षस कुठून आणायचे, हे तू विचारलं नाहीस, पण मी सांगणार आहे. आमच्या जुन्या वाड्याच्या मागं पिंपळ होता आणि आजी सांगायची, त्यावर मुंजा असतो. मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तो मुंजा. म्हणजे एक लहान मुलगा, ज्याचं काहीतरी अर्धं राहिलं. चकवा वाटसरूला रात्रभर त्याच शेताभोवती फिरवतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते म्हणतात, तिचे पाय उलटे. आपल्या भुतांमध्ये बहुतेकांना काहीतरी हवं असतं आणि ते मिळालेलं नसतं. तुझ्या नायिकेचं पहिलं काम हत्यार उपसणं नसावं, विचारणं असावं : तुझं काय राहिलं? निम्मे तिथंच सुटतील. उरलेले, जे राहिलेलं मिळाल्यावरही दुसऱ्याचं रक्त मागतात, त्यांच्याशी लढाई.

इंदूरपुरतं एक सुचवते. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. कामगारांच्या हक्काचे पैसे मिळायला २०२३चा डिसेंबर उजाडला. कितीतरी जण तोवर गेले. मिलच्या पडक्या फाटकापाशी कुणी एक सावली रोज पाळी बदलायच्या वेळी हजेरी लावायला येते, आणि लोक तिला राक्षस समजतात, असं एक प्रकरण तुला लिहिता येईल का? नायिका तिथं काय करेल, हे मी सांगत नाही. ते तूच ठरव. फक्त घाई करू नकोस, आणि एखाद्या जुन्या कामगाराच्या घरी जाऊन बसल्याशिवाय लिहू नकोस.

इथं थोडं थांबून एक गोष्ट कळकळीनं सांगते. हडळ लिहिताना फार जपून. झाबुआ-अलीराजपूरकडून बायकांना डाकण, म्हणजे चेटकीण, ठरवून मारहाण केल्याच्या बातम्या आजही येतात. ती बाई बहुधा एकटी असते, कधी विधवा, कधी तिच्या वाटच्या जमिनीवर कुणाचा डोळा असतो. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो होण्याआधी किती वर्षं लोकांनी त्यासाठी जिवाचं रान केलं आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी खून झाला, हे तुझ्या वयाला माहीत असायला हवं. तुझ्या गोष्टीतला राक्षस म्हणजे वस्तीतली केस मोकळे सोडलेली म्हातारी, असं चुकूनही होऊ देऊ नकोस. उलट जमाव अशा बाईच्या दारात जमलाय आणि राक्षस त्या जमावात उभा आहे, हे फक्त नायिकेला दिसतंय, असा प्रसंग तुझ्या मुलीचं मन दाखवायला पुरेसा आहे.

वेषांतराबद्दल. विराटाच्या घरी पांडवांनी घेतलेली सोंगं आठव. भीम स्वयंपाकी बल्लव झाला, अर्जुन बृहन्नडा होऊन नाच शिकवू लागला, नकुल घोड्यांत, सहदेव गायींत. ते वर्षभर निभावलं, कारण ते सोंग पुरतं खोटं नव्हतं. भीमाला खाण्याची आवड होतीच, अर्जुन चित्रसेन गंधर्वाकडे नाच शिकलेला होताच. तुझी नायिका ‘साधी मुलगी’ असल्याचं नाटक करत असेल तर ती दहाव्या पानावर पकडली जाईल. तिला मनापासून आवडणारं काहीतरी दे.

आणि रात्री घराबाहेर कशी पडते, हे तू टाळलंयस. आई-वडील झोपले की खिडकीतून उडी, हे रामबागेतल्या घरात होत नाही. तिथं कडी वाजली तरी आजी उठते. आपल्याकडे सराफा आहे की! सोन्याचांदीची दुकानं मिटली की ओट्यांसमोर खाण्याची दुकानं लागतात, आणि मध्यरात्रीही आयाबाया लेकरांना घेऊन भुट्ट्याचा कीस नि थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, खात उभ्या असतात. तिच्या मावशीची तिथं साबुदाण्याच्या खिचडीची गाडी असू दे. सुट्टीत ती मावशीच्या हाताखाली राबते. खिचडी खरोखर छान करते. घरच्यांना तिचा अभिमान आहे, काळजी नाही. गर्दीतल्या कुणाच्या पायाशी सावली पडत नाही, हे तिला पानावर खिचडी वाढता वाढता दिसतं. सुट्टी संपल्यावर काय, ते तू शोध. पितृपक्षात संजा आहेच. सोळा दिवस संध्याकाळी मुली भिंतीवर शेणाच्या आकृत्या काढतात, फुलांच्या पाकळ्या लावतात, घरोघर गाणी म्हणत फिरतात, शेवटी किलाकोट, म्हणजे किल्ल्यासारखी मोठी आकृती. गेलेल्यांचा पंधरवडा आणि कुमारिकांचा खेळ एकाच वेळी चालतो, हे माळव्यात राहून तुझ्या लक्षात आलं नसेल तर यंदा नीट बघ.

पहिलं प्रकरण पाठव. वाचून सविस्तर कळवीन.

प्रश्न : माझी पात्रं इंदूरची आहेत. त्यांनी घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलावं का? की वाचकांसाठी सगळं मराठीत करू? — एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : जसं बोलतात तसं लिहा. गाडीवाल्याला ‘भिया’ म्हणणारी मुलगी उंबरा ओलांडला की ‘आई, भूक लागली’ म्हणते, हे आपल्यातलं प्रत्येक घर ओळखतं. बाहेरचं हिंदी एकेका वाक्यापुरतं ठेवा, चव येण्याइतकं, पानभर नको. वरच्या पत्रातल्या मुलीलाही हे उपयोगी पडेल : अंधारातून कुणी हिंदीत हाक मारली तर ती वळणार नाही, आजीच्या मराठीत घरच्या लाडक्या नावानं मारली तर वळेल, आणि राक्षसाला ते ठाऊक असेल.

प्रश्न : नातीला भुताखेतांच्या गोष्टी फार आवडतात. रात्री ऐकते आणि मग एकटी झोपत नाही. बंद करू का? — एक आजी, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : बंद करू नका, वेळ बदला. दुपारी सांगा. आणि गवताची काडी घेऊन उभा राहिलेल्या त्या मुलाची गोष्ट आधी सांगा, बकासुर नंतर.