चिनूला विमानात घेतलं नाही, पैसेही अडकले: दाद साताऱ्यातच मागता येईल

साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिका लिहितात:

"लेकीचं बाळंतपण बंगळूरला होतं. घरी मी आणि आमची सात वर्षांची कुत्री चिनू, दोघीच. तिला ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून जावयांनी पुणे-बंगळूर विमानाचं माझं तिकीट काढलं. कंपनीशी बोलून चिनूची केबिनमधली जागा पक्की केली आणि तिचे वेगळे ५,००० रुपये भरले. पिशवीसह ७ किलोपर्यंत चालेल, असा मेलही आला. दोन दिवस आधी डॉक्टरांकडे तिचं वजन ५ किलो ७०० ग्रॅम भरलं, पिशवी १ किलो १०० ग्रॅमची. पुण्याला काउंटरवरच्या काट्यावर मात्र ७ किलो ४०० ग्रॅम आलं. आधी म्हणाले, वजन जास्त आहे, खालच्या कप्प्यातून न्यावं लागेल. त्याला टणक पिंजरा हवा, तो नव्हता. पिशवीतला टॉवेल आणि पाण्याची बाटली काढते म्हटलं, तर दुसरे साहेब आले आणि 'कॅप्टनने नकार दिलाय' म्हणाले. मग मजकूर वाचायला न देता टॅबवर माझी सही घेतली, प्रतही दिली नाही. विमान गेलं. मी २४,५०० रुपयांची गाडी करून गेले. साताऱ्यावरूनच गाडी पुढे निघाली तेव्हा मला रडू आवरेना. आता कंपनी म्हणते, तुम्ही 'नो-शो', म्हणजे आलाच नाहीत, फक्त कर परत मिळतील. वाद असेल तर दिल्लीच्या न्यायालयात या. आणि प्राणी म्हणजे सामान, त्याची भरपाई फार तर २०,०००. सगळ्या अटी एकतर्फी आहेत. मी पाच लाखांचा दावा करू का? वकील लागेल का? आणि चिनूला घेऊन परत कशी येऊ?"

ताई, तुम्ही सगळं नीट केलं होतंत. बुकिंग, फी, डॉक्टरांचा दाखला, वजन, काहीच राहिलं नव्हतं. तरी ऐन वेळी एका जिवंत प्राण्यासकट तुम्हाला काउंटरवर एकटं सोडण्यात आलं. याचा मला मनापासून राग आला. पण रागाच्या भरात तक्रार लिहिली की ती भरकटते, म्हणून तुमची बाजू कुठे भक्कम आहे आणि कुठे पातळ आहे ते आधी सांगतो.

पातळ बाजू म्हणजे ते ४०० ग्रॅम. पाळीव प्राण्याला नेलंच पाहिजे, अशी सक्ती आपला कायदा कोणत्याही विमान कंपनीवर करत नाही. १९३७ च्या विमान नियमांनुसार प्राणी न्यायचा तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, परवानगीच्या अटी पाळाव्या लागतात. त्या चौकटीत न्यायचं की नाही, किती वजनापर्यंत आणि किती पैशांत, हे कंपनी ठरवते. म्हणून तर इंडिगो मार्गदर्शक श्वानासारखे सेवा-प्राणी सोडून पाळीव प्राणी घेत नाही, आणि अकासाने १ नोव्हेंबर २०२२ पासून केबिनमध्ये ७ किलोपर्यंत न्यायला सुरुवात केली व पुढे ती मर्यादा वाढवली. वजन सगळीकडे पिशवीसकट धरतात. आतला टॉवेल, बाटली, खाऊ सगळं त्यात आलं. तुमच्या दोन आकड्यांत ६०० ग्रॅमचा फरक आहे. त्यातला काही भाग टॉवेल-बाटलीचा असणार, हे कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला दाखवून देईल. तेव्हा ते तक्रारीत आपणच आधी लिहून मोकळं व्हायचं.

आता भक्कम बाजू. कंपनीला नाही म्हणता आलं असतं, पण तिने हो म्हटलं, फी घेतली आणि लेखी कळवलं. तिथे करार झाला. करार मोडायचा तर कारण लागतं, आणि तुम्हाला एकाच काउंटरवर थोड्याच वेळात दोन कारणं सांगितली गेली. आधी वजन. तुम्ही वजन कमी करायची तयारी दाखवताच कॅप्टन. वजन हेच कारण होतं, तर बाटली काढून पुन्हा काट्यावर का ठेवलं नाही? पिशवीतलं जनावर हलतं, उभं राहतं, काट्यावरचा आकडा खाली-वर होतो. असं वजन एकदाच बघून सोडून देणं बरोबर नाही. आणि कॅप्टनचा नकार असेल, तर तो कुठे नोंदवला आहे? विमानाच्या सुरक्षिततेसाठी नकार देण्याचा अधिकार कॅप्टनला नक्की आहे आणि तो असायलाच हवा. पण तो निर्णय खरंच कॅप्टनने घेतला का आणि कशामुळे, हे फक्त कंपनीलाच माहीत आहे. जी गोष्ट एकाच पक्षाच्या खास माहितीतली असते, ती सिद्ध करण्याचा भार त्याच पक्षावर असतो. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चं कलम १०९ तेच सांगतं. माझ्या मते तुमची केस या एका मुद्द्यावर उभी आहे. चिनू तुमची किती लाडकी आहे हा भाग मोठा करू नका, कारण बदललं हा भाग मोठा करा.

सहीचा उल्लेख तुम्ही पत्रात ओझरता केला आहे, पण तो महत्त्वाचा आहे. टॅबवर काय लिहिलं होतं ते तुम्हाला वाचायला दिलं नाही, त्याची प्रत दिली नाही. कंपनी बहुधा 'स्वेच्छेने प्रवास रद्द केला' असं काहीतरी पुढे करेल. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध अजमेर सिंग कॉटन या निकालात म्हटलं आहे की, नुसत्या सहीमुळे ग्राहकाची तक्रार मरत नाही. सही फसवणुकीने, दडपणाने किंवा तशा परिस्थितीत घेतली असेल, तर दाद मागता येते. मात्र ते दडपण आपल्याला दाखवावं लागतं. म्हणून त्या दिवशी काय झालं ते क्रमवार लिहून काढा: कोण काय म्हणालं, विमानाला किती वेळ राहिला होता, रांग किती होती. आठवण ताजी आहे तोवर आज-उद्याच लिहा.

२०,००० रुपयांच्या मर्यादेचा मुद्दा ऐकायला जड वाटतो. विमानाने वाहतूक अधिनियम, १९७२ खाली देशांतर्गत प्रवासात सामानाची भरपाई प्रवाशामागे २०,००० रुपयांपर्यंत मर्यादित केली आहे, हे खरं आहे. प्राण्याला कायदा सामानात धरतो, हेही बव्हंशी खरं. युरोपीय संघाच्या न्यायालयानेसुद्धा १६ ऑक्टोबर २०२५ ला तेच म्हटलं. ब्युनोस आयर्स ते बार्सिलोना प्रवासात विमानतळावर एक कुत्री पिंजऱ्यातून निसटून हरवली. भरपाईच्या कामापुरती ती 'सामान'च, असा निकाल लागला. सामान सोपवताना जादा मोलाची खास घोषणा करून त्याचे वेगळे पैसे भरले असते, तर मर्यादा वाढली असती. प्राण्याला खालच्या कप्प्यातून पाठवणाऱ्या प्रत्येकाने ही घोषणेची सोय कंपनीकडे आधी विचारून घ्यावी. मला हा कायदा पटत नाही. आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूवरच्या २०१४ च्या नागराज निकालात प्राण्यांच्या आयुष्याला आणि प्रतिष्ठेला घटनेच्या कलम २१ पर्यंत, म्हणजे जगण्याच्या हक्कापर्यंत, नेऊन भिडवलं, आणि भरपाईचा हिशेब अजून बॅगेचाच राहिला आहे. तुमच्यापुरतं मात्र हे सगळं गैरलागू आहे. ती मर्यादा सामान हरवलं, मोडलं, उशिरा आलं यासाठी आहे. चिनूला काही झालं नाही, ती हरवली नाही. तिला न्यायलाच नकार दिला गेला, आणि हा करारभंग आहे. उत्तरात हे एवढंच लिहायचं.

दिल्लीच्या न्यायालयाची अट सोडून द्या. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे साताऱ्यात. तिकीट जावयांच्या कार्डावरून निघालं याचीही काळजी नको. पैसे भरणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणारी व्यक्तीही या कायद्यात ग्राहकच असते. मुदत घटनेपासून दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही, तुम्ही स्वतः उभ्या राहू शकता. तक्रार ऑनलाइनही दाखल होते आणि सुनावणी व्हिडिओवरून मागता येते. बाळ-बाळंतिणीला सोडून तुम्हाला धावपळ करायला नको.

एक बारकावा इथे सांगतो, कारण त्यात पुष्कळ लोक अडकतात. कंपनीच्या अटी एकतर्फी आहेत, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण 'अनुचित करार' अशी थेट मागणी तक्रारीत टाकलीत, तर तो विषय जिल्हा आयोगाचा राहत नाही, राज्य आयोगाकडे जातो. म्हणून शब्द वापरायचे ते 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा'. तुमचं काम तेवढ्यात भागतं.

डीजीसीएच्या 'बोर्डिंग नाकारल्या'च्या भरपाईचा आधार घेऊ नका. तो नियम मुख्यतः जागांपेक्षा जास्त तिकिटं विकल्यामुळे प्रवाशाला अडवलं तर लागतो. 'बाईंना आम्ही अडवलंच नव्हतं, त्या एकट्या येऊ शकल्या असत्या,' असं कंपनी म्हणेल आणि तुमचा वेळ त्यातच जाईल. घरात दुसरं कुणी नाही हे माहीत असताना तुम्ही कुत्रीला विमानतळावर सोडून कशा जाणार होतात, हे मात्र तक्रारीत जरूर लिहा. 'नो-शो' या शब्दाला तेच उत्तर आहे. तुम्ही वेळेवर काउंटरवर हजर होतात.

पाच लाख मागू नका. फी किती पडेल हे तुम्ही काय मागता यावर नाही, सेवेसाठी काय भरलं यावर ठरतं, आणि ५ लाखांपर्यंत ती शून्य आहे. त्यामुळे कितीही मागितलं तरी फुकट, असं कुणीतरी सांगेल. पण आयोगासमोर फुगवलेला आकडा ठेवला की खऱ्या आकड्यावरचाही विश्वास उडतो. तिकिटाचे पैसे, चिनूची ५,००० रुपयांची फी आणि गाडीचे २४,५०० रुपये, या तिन्हींच्या पावत्या लावा. गाडीचं बिल चालकाकडून मागून घ्या, नुसत्या यूपीआयच्या नोंदीवर थांबू नका. त्या दिवशी दुसरी कोणती वाट होती आणि ती का चालली नसती, हे दोन ओळींत लिहा, कारण नुकसान आटोक्यात ठेवायचा प्रयत्न केला हे आपणच दाखवायचं असतं. मनस्तापाचे २५,००० आणि तक्रार खर्चाचे ५,००० मागितलेत तर ते रास्त दिसेल. तिकीट आणि फी या पहिल्या दोन रकमा मिळायला अडचण येऊ नये. गाडीच्या पैशांसाठी झगडावं लागेल.

आधी कंपनीच्या तक्रारी पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला नोटीस पाठवा, मेलने आणि स्पीड पोस्टानेही. त्यात चार गोष्टी मागा: वजनाची नोंद, त्या काट्याच्या पडताळणीचा दाखला, कॅप्टनच्या निर्णयाची नोंद आणि तुमची सही असलेल्या मजकुराची प्रत. दाखला मागायचं कारण, व्यवहारात वापरला जाणारा काटा वैधमापन कायद्याखाली पडताळलेला असावा लागतो. कंपनीने दिलं नाही, तर कागद हजर करण्याचा आदेश देण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयोगाला आहेत. पुणे विमानतळाच्या संचालकांना वेगळं पत्र लिहून त्या वेळेचं काउंटरवरचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवायला सांगा. हे सर्वात आधी करा, कारण जुनं चित्रण पुसलं जातं. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि विमान प्रवाशांच्या तक्रारींचं सरकारी एअरसेवा पोर्टल, दोन्हींवर तक्रार नोंदवायला हरकत नाही. काही वेळा पैसे तिथेच परत येतात. मेल आणि व्हॉट्सअॅप जोडताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र लावा; त्यावर जावयांची सही हवी, कारण संवाद त्यांच्या फोनवर आहे, आणि तज्ज्ञाचीही.

नोटीस मिळाल्यावर कंपनी तडजोडीला आली, तर तिकीट, फी आणि गाडीभाड्याचा निम्मा भाग यावर मिटवायला मी तुम्हाला सांगेन. कायद्यात तीन महिन्यांत निकालाचं म्हटलं आहे, प्रत्यक्षात जास्त काळ जातो.

परतीचं विचारलंत म्हणून सांगतो, या खेपेला रेल्वे बघा. वातानुकूलित प्रथम वर्गात दोघांचं कूपे किंवा चौघांचं केबिन पूर्ण आरक्षित केलं, तर कुत्र्याला बरोबर नेता येतं. त्याचं वेगळं भाडं पार्सल कार्यालयात भरायचं, लसीकरणाचं कार्ड आणि डॉक्टरांचा ताजा दाखला जवळ ठेवायचा. दोन तिकिटं काढली म्हणजे कूपे मिळालंच असं नाही. म्हणून आरक्षण झाल्याबरोबर स्टेशनवर लेखी अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या. ते जमलं नाही तर गार्डच्या डब्यातल्या पेटीचा पर्याय उरतो, पण सात वर्षांच्या चिनूला रात्रभर तिथे ठेवू नका. जावयांना सुट्टी मिळेपर्यंत थांबा आणि त्यांच्या गाडीने या.