वाचकांचे प्रश्न : सातवाहनांचा कारभार, लेण्यांतून आणि नाण्यांतून

नाशिकच्या पांडवलेण्यांवरील लेखानंतर आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाचा मोठा लेख आहे. पण राज्य प्रत्यक्षात चालायचं कसं, ते त्यातून कळत नाही. कुठे पाहावं?
— एक वाचक, नाशिक

तो लेख म्हणजे प्रशस्ती, राजाची स्तुती. गौतमी बलश्रीने ती मुलाच्या पश्चात, नातू पुळुमावी याच्या १९व्या राज्यवर्षात कोरवली. कारभार पाहायचा असेल, तर त्याच लेण्याच्या ओसरीत गौतमीपुत्राचे दोन जमिनीचे हुकूम आहेत, ते वाचा. आमच्या मते प्रशस्तीपेक्षा त्यांचं मोल जास्त आहे.

पहिला हुकूम १८व्या वर्षाचा. विजयी सैन्याच्या छावणीतून तो नाशिकजवळच्या गोवर्धन इथल्या अमात्य विष्णुपालिताला पाठवला आहे. अपरकाखडी गावातलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत, जे आजवर उषवदाताकडे होतं, ते त्रिरश्मी, म्हणजे पांडवलेण्यांच्या डोंगरावरच्या भिक्षूंना दिलं, असा त्याचा मजकूर. उषवदात हा सातवाहनांचा शत्रू असलेला शक राजा, क्षत्रप नहपान याचा जावई. म्हणजे शत्रूच्या जावयाची जमीन कोणत्या वर्षी हातातून गेली, ते या एका ओळीत येतं. पुढे सवलती येतात : राजपुरुषांनी या शेतात शिरायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, मिठासाठी ते खणायचं नाही, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांचा अंमल त्यावर चालणार नाही. हा मजकूर उलट वाचला, की इतर शेतकऱ्यांना काय काय सोसावं लागे ते समजतं. हुकूम तोंडी दिला गेला हे, आणि त्याच्याशी संबंधित अमात्य शिवगुप्ताचं नावही नोंदलं आहे. शेवटी तारीख : वर्ष १८, पावसाळ्याचा दुसरा पंधरवडा, पहिला दिवस. सातवाहन दप्तरात महिन्याचं नाव येत नाही. वर्षाचे तीन ऋतू, प्रत्येक ऋतूचे आठ पंधरवडे, अशी मोजणी असे.

दुसरा हुकूम २४व्या वर्षाचा, अमात्य श्यामकाला. तो राजा आणि राजमाता दोघांच्या नावाने निघाला आहे. आधी काखडीत दिलेलं शेत कसलं जात नाही आणि ते गावही वसलेलं नाही, असं त्यात सरळ कबूल केलं आहे. म्हणून नगराच्या हद्दीवरच्या राजाच्या स्वतःच्या शेतातून १०० निवर्तनं द्यावीत, सवलती पहिल्यासारख्याच. करमाफीचा कागद हातात असून उपयोग काय, नांगर धरणारी कुळंच नसतील तर? सहा वर्षं रखडलेलं हे दान राज्याने निम्म्या क्षेत्रावर, पण कसल्या जाणाऱ्या जमिनीत मार्गी लावलं.

उषवदाताने विणकरांकडे ठेव ठेवली, असं वाचलं. व्याज किती होतं आणि त्या पैशांची आजची किंमत काय होईल?
— एक वाचक, डोंबिवली

हा लेख दहाव्या लेण्यात आहे, नहपानाच्या काळातलं वर्ष ४२, वैशाख महिना. ठेव एकूण ३००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या चांदीच्या नाण्यांची. गोवर्धनात राहणाऱ्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यवसायसंघाकडे) २००० कार्षापण, दरमहा शेकडा १ दराने. दुसऱ्या विणकर श्रेणीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं. अशा ठेवीला ‘अक्षयनीवी’ म्हणत.

हिशेब करून पाहा. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. लेण्यात वर्षावासाला (पावसाळ्यातल्या मुक्कामाला) राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे, म्हणजे बरोबर २४०. १००० वर वर्षाला ९०, ते ‘कुशणमूल’ नावाच्या खर्चासाठी. आधी खर्च ठरवून मग मुद्दल काढलेलं दिसतं.

फसवणूक होऊ नये म्हणून तीन बंदोबस्त केले आहेत. रक्कम अक्षरांत आणि अंकांतही लिहिली आहे. व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला आहे. आणि रिवाजाप्रमाणे फलकावर त्याची नोंद केली आहे. अंक वाचताना मात्र जपा. या लिपीत शून्य नाही, त्यामुळे ३००० म्हणजे ३ वर तीन शून्यं अशी मांडणी सापडणार नाही. हजाराचं एक चिन्ह असतं आणि त्यालाच गुणक चिकटवलेला असतो. गुणक नजरेतून सुटला, तर ३००० चे १००० होतात.

आजच्या रुपयांत किंमत काढू नका. चांदीच्या भावाने गुणून येणारा आकडा दिशाभूल करतो, कारण तेव्हा चांदी आणि मजुरी यांचं प्रमाण वेगळं होतं. त्याच काळातल्या किमती एकमेकींशी ताडून पाहा. भिक्षूच्या वर्षाच्या वस्त्राला १२ कार्षापण. उषवदाताने अश्वीभूती नावाच्या ब्राह्मणाकडून घेतलेल्या शेताला ४०००. ३५ कार्षापणांचा एक ‘सुवर्ण’, म्हणजे सोन्याचं नाणं. शेताचं माप लेखात नाही, तेव्हा निवर्तनाचा दर काढायचा मोह टाळा.

गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी नावं होती, म्हणजे गादी आईकडून चालत होती का?
— एक वाचक, बडोदा

नाही. गादी बापाकडून मुलाकडेच जात होती. गौतमी, वासिष्ठी ही आईच्या माहेरच्या गोत्रावरून पडलेली नावं. राजाला अनेक राण्या असत आणि सातकर्णी, पुळुमावी ही नावं घराण्यात पुन्हा पुन्हा येत, त्यामुळे नेमका कोण ते आईच्या नावावरून ओळखता येई. स्त्रियांचा अधिकार तपासायचा असेल, तर नावांपेक्षा २४व्या वर्षाचा वरचा हुकूम आणि नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख हे पुरावे भक्कम आहेत.

प्रत्येक पुस्तकात सातवाहनांची सनावळी निराळी का असते?
— एक वाचक, जुन्नर

लेखांत इसवी सन नाही, शकही नाही. असतं ते राज्यवर्ष. पुराणांच्या याद्यांतही मेळ नाही : मत्स्यपुराण या घराण्याला साडेचारशेहून अधिक वर्षं देतं, तर वायुपुराणात तीनशे वर्षं येतात. खरा घोळ नहपानाच्या वर्षांवरून आहे. नाशिकला त्याची ४१, ४२, ४५ ही वर्षं मिळतात आणि तुमच्या जुन्नरला, अमात्य अयमाच्या लेखात, ४६. ही शकवर्षं मानली, तर ४६ म्हणजे इ. स. १२४. ती त्याची राज्यवर्षं मानली, तर सगळं सुमारे अर्धशतक मागे सरकतं. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचच्या राजाचं नाव येतं, ते नहपानाचं असावं. हा ग्रंथ पहिल्या शतकाच्या मध्याचा असल्यामुळे अलीकडचे नाणेअभ्यासक दुसऱ्या पर्यायाकडे झुकतात, आणि आम्हालाही तो अधिक पटतो. पुस्तक वाचताना लेखकाने नहपानाला कुठे बसवलंय ते आधी पाहा. गौतमीपुत्राची तारीख त्यावर ठरते.

शेतात चांदीचं एक लहान नाणं मिळालं. एका बाजूला चेहऱ्यासारखं काही दिसतं, वर डोंगरासारख्या कमानी. हे सातवाहनांचं का?
— एक वाचक, सिन्नर

वर्णनावरून ते गौतमीपुत्राने पुन्हा छापलेलं नहपानाचं नाणं असू शकेल. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथे अशा नाण्यांचा साठा निघाला : सुमारे १३,२५० नाणी, त्यांतली ९,००० हून अधिक पुन्हा छापलेली. चांदी वितळवायची तर इंधन लागतं, धातू घटतो आणि चकत्या नव्याने पाडाव्या लागतात. वजन आधीच बरोबर होतं, म्हणून जुन्या नाण्यावरच नवा ठसा मारला. ठसा सगळीकडे सारखा बसला नाही, की खालचं नाक, केस किंवा ग्रीक अक्षरं डोकावतात.

अंधाऱ्या खोलीत विजेरी बाजूने, जवळजवळ आडवी धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला चार टोकांना वर्तुळं असलेली फुली, आणि त्यांच्याखाली नहपानाचा बाण किंवा वज्र दिसतंय का पाहा. वजन दोन-सव्वादोन ग्रॅमच्या आसपास हवं. कडेवर सांधा किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे दिसले, तर ते साच्यात ओतलेलं बनावट नाणं असण्याची शक्यता दाट.

चिंच, लिंबू, राख काहीही लावू नका. घासलेल्या नाण्यावरचा खालचा ठसा पहिल्यांदा जातो, आणि तुमच्या नाण्याचं सारं महत्त्व त्यातच आहे. शिशाची सातवाहन नाणी सापडली, तर ती लाकडी खणातही ठेवू नका. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसं पांढरं पडून भुगा होतं.

जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दडवल्यास सापडणाऱ्याचा हिस्सा जातो, शिक्षाही होऊ शकते. अर्जात शेताचा गट क्रमांक, नाणं किती खोलीवर मिळालं आणि आजूबाजूला खापरं होती का, हे लिहा. जागा खणू नका. साठा असेल तर तो कोणत्या भांड्यात आणि कोणत्या थरात होता, ही माहिती एकदा उकरली की परत मिळत नाही.