अनारसे तुपात सोडल्याबरोबर हसतात, काय चुकत असेल?

तुम्ही लिहिलंय की दोनदा अनारसे करून बघितले, दोन्ही वेळा तुपात सोडल्या सोडल्या हसले, म्हणजे विरघळून कढईभर चुरा झाला, आणि 2026 च्या धोंड्याच्या महिन्यात जावयाला 33 अनारशांचं वाण द्यायचंय तर सरळ विकत आणावेत का. एवढ्यात नका ठरवू. अनारसा हसला की आपण लगेच गॅसला आणि तुपाला दोष देतो, पण बहुतेक वेळा चूक त्याच्या आधी झालेली असते, तांदूळ वाळवताना आणि गूळ घालताना. माझी अगदी हीच गत झाली होती म्हणून जरा सविस्तर सांगते.

2023 ला अधिक श्रावण होता, 18 जुलैला सुरू झाला. लेकीचं लग्न त्याच वर्षी झालेलं, तिचा पहिलाच धोंडा. आमच्याकडे अनारसे कायम सासूबाईंनी केले, मी फक्त खसखशीवर थापायला बसायचे, आणि त्या गेल्यावर दिवाळीला विकतचेच यायला लागले. पण जावयाचं पहिलं वाण विकतचं द्यायचं मनाला पटेना. त्यांची वही काढली, त्यात तीनच ओळी होत्या: तांदूळ तीन दिवस भिजत घालणे, रोज पाणी बदलणे, वाटीला वाटी गूळ. तसंच्या तसं केलं. तीन दिवसांनी तांदूळ उपसून पंचावर पसरले, बाहेर पाऊस नुसता कोसळत होता, घरात फॅन लावला तरी हवाच ओली, दोन तासांनी मला वाटलं झालं आता आणि मिक्सरला लावले. गूळ किसला, वाटीत चांगला चेपून भरला, पीठात मिसळून डब्यात ठेवलं. पाचव्या दिवशी तळायला बसले तर पहिला फुटला, दुसरा फुटला, मग मी गॅस वाढव, कमी कर, तूप बदल असं करत राहिले आणि एकही अख्खा निघाला नाही. ओट्यापाशी उभी राहून रडले त्या दिवशी, खरंच. तुपाचा आणि इतक्या दिवसांच्या कष्टांचा तो चुरा बघून कोणालाही रडू येईल.

संध्याकाळी मोठ्या जाऊबाई आल्या, त्यांनी पीठाचा गोळा नुसता हातात घेतला आणि म्हणाल्या, अगं हे केवढं सैल आहे, वाण्याकडून आणलेल्या तांदळासारखे कोरडे नकोत पण इतके ओलेही दळायचे नसतात. मग विचारलं, गूळ न घातलेलं थोडं पीठ बाजूला ठेवलंयस का? नव्हतं ठेवलं. म्हणून विकतची तांदळाची पिठी मिसळून बघितली, त्याने फुटायचे थांबले पण जाळी काही पडली नाही, कडक पुरीसारखे झाले. त्या वर्षी आम्ही 33 बत्तासे दिले. जाळीदार पदार्थ द्यायचा असतो त्यामुळे बत्तासे चालतात, लेकीला जावयाला काहीच वाटलं नाही, मला मात्र वाटत राहिलं.

आता कारण. गूळ घातला की तो पीठातलं पाणी ओढून घेतो आणि स्वतः पाघळतो, म्हणून सकाळी घट्ट वाटलेलं पीठ चार दिवसांनी सैल झालेलं असतं. पीठ आधीच ओलं असेल तर ते अजून सैल होणार. माझी भाची फूड टेक्नॉलॉजी शिकलीये, तिने पुढचं सांगितलं ते मला फार पटलं. गव्हात ग्लुटेन असतं, ते धरून ठेवतं, तांदळात तसं काही नाही. तांदळाचा स्टार्च ओलावा आणि उष्णता मिळाली की फुगतो आणि त्यानेच अनारसा धरला जातो, पण साखर किंवा गूळ जास्त झाला की स्टार्चला फुगायला जास्त तापमान लागतं, म्हणजे उशीर होतो, आणि तोवर गूळ वितळून मोकळा झालेला असतो. धरणारं अजून तयार नाही आणि सोडणारं आधीच सुटलं, मग अनारसा हसतो. गूळ चेपून भरला तर वाटीला वाटी म्हणत आपण कितीतरी जास्त गूळ घालतो हे तेव्हा लक्षात आलं. सासूबाई किस हलक्या हाताने भरायच्या, ते वहीत कुठे लिहिलेलं असणार.

म्हणून आता मी वाटी वापरतच नाही, वजन करते. पाव किलो तांदळाला 200 ग्रॅम साधा गूळ, चिकीचा नाही, तो फार चिकट. तांदूळ जुना. पंचावर पसरल्यावर घड्याळ बघायचं नाही, हात बघायचा: मूठभर तांदूळ दाबून सोडले तर तळहात दमट लागला पाहिजे पण दाणे चिकटून राहता कामा नयेत. पावसाळ्यात याला माझ्याकडे चार-पाच तासही लागलेत, उन्हाळ्यात तासाभरात होतं. तुमचा अधिक ज्येष्ठ मे-जूनमधे येतोय, तेव्हा तुमची अडचण कदाचित उलटी होईल, तांदूळ पटकन खडखडीत वाळतील आणि मग पीठ कोरडं, अनारसे दगडासारखे. सावलीतच वाळवा आणि सारखं बघत रहा. उन्हाळ्यात भिजवलेल्या पाण्याला आंबूस वास लवकर येतो, थोडा आला तर घाबरू नका, पाणी मात्र रोज न चुकता बदला. दळल्यावर मैद्याच्या चाळणीने चाळायचं, रवाळ राहिलं की तेही फुटायचं कारण होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या दळलेल्या पीठातलं वाटीभर गूळ न घालता वेगळ्या डब्यात फ्रिजमधे ठेवा. तळायच्या दिवशी आधी एकच अनारसा सोडून बघा. हसला तर त्यातलं चमचा-दोन चमचे पीठ मिसळा, परत एकच तळा, असं करत जा, सगळे थापून ठेवू नका. उलट पीठ कडक असेल आणि थापताना कडा चिरत असतील तर थेंब थेंब दूध. केळंही घालतात पण केळ्याने रंग फार पटकन चढतो आणि जरा जास्त झालं की परत सैल, मी दुधावरच थांबते.

तळायचं तुम्हाला माहीत असेलच, तरी: खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत रहायचं, आच मध्यम. तूप गार असेल तर अनारसा तळाशी बसून पसरतो, फार तापलं तर बाहेरून काळा आणि आत कच्चा. काढल्यावर चाळणीत उभे ठेवा म्हणजे तूप निथळतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या दिवाळीला मी अर्धा किलोचे केले, पहिले दोन हसले, बाजूचं पीठ मिसळलं, तिसरा धरला आणि छान जाळी पडली. तो गरम तसाच लेकीला फोटो काढून पाठवला होता.

तुमच्या दोन्ही वेळचा चुरा टाकून देऊ नका, तूप निथळून डब्यात भरा, दुधात घालून फार छान लागतो. आणि पीठ अजून उरलं असेल तर गूळ किती घातला होता आणि तांदूळ किती वेळ वाळवले होते ते लिहा, मग त्यात कोरडं पीठ किती घालायचं ते अंदाजाने सांगता येईल.