वाचक विचारतात: टेम्पोच्या मागे, मोटरसायकलच्या मागे

प्रश्न: मी गुहागर-वेलणेश्वर रोडला रोज सायकल मारतो. परवा मासळीच्या टेम्पोच्या मागे लागलो तर चढावर पण पाय हलके पडायला लागले. मित्र म्हणाला जर्मनीत याच्याच शर्यती असतात, मोटरसायकलच्या मागे सायकल, आणि रोबल नावाचा एक जण त्यात लय फेमस होता. खरं काय? – एक वाचक, गुहागर

उत्तर: मित्र बरोबर बोलला. पण आधी टेम्पोचं. सायकल चाळीसच्या स्पीडला गेली की तुमच्या ताकदीतला बहुतेक हिस्सा नुसता वारा कापण्यात जातो, ऐंशी-नव्वद टक्के धरा. पुढे कोणी वारा कापत असेल तर त्याच्या आडोशाला तीच ताकद स्पीडला मिळते. माझा स्वतःचा अनुभव रत्नागिरीच्या भाट्ये पुलावरचा आहे, तिथे खारा वारा आडवा मारतो ना, म्हणून मी पण एकदा मासळीच्या टेम्पोच्या मागे घुसलो, अर्धा पूल असा गेलो की वाटलं आपण कोण, आणि मग टेम्पोतनं बर्फाचं पाणी गळत होतं त्याच्यावर पुढचं चाक गेलं. गुडघ्यावर अजून खूण आहे आणि त्या शर्टाला बांगड्याचा वास दोन धुण्यांत पण गेला नाही. टेम्पोवाल्याला तर मागे कोण होतं ते कळलंच नाही, सरळ पावसच्या दिशेने निघून गेला. आता हे लक्षात ठेवा, कारण त्या जर्मन खेळाची सगळी गंमत इथेच आहे. तिथे पुढच्याला कळतं.

ताडेउस रोबल म्युनिकचा, जन्म १८७७. तो तरुण झाला तेव्हा लांबच्या शर्यतीत पुढे वारा अडवायला दोन-तीन-चार जणांच्या सायकली असायच्या, सगळे पेडल मारणारे. मग १९०० च्या आसपास त्यांच्या जागी मोटरसायकली आल्या, त्या पण सुरुवातीला दोन माणसांच्या, एक हँडल धरणार आणि दुसरा इंजिन सांभाळणार. स्पीड एकदम वाढला आणि पब्लिक वेडं झालं. रोबल बरोबर त्याच वेळेला तयार होता. १९०१ ला वर्ल्ड चॅम्पियन, १९०२ ला परत वर्ल्ड चॅम्पियन. त्याच्यानंतर अमेरिकेच्या बॉबी वॉल्थरने १९०४ आणि १९०५ मारलं, म्हणजे बघा स्पर्धा काय लेव्हलची होती.

पण ते दिवस भयंकर होते. टायर फुटला, चेन तुटली की माणूस संपलाच, हेल्मेट म्हणजे नावाला. १८ जुलै १९०९ ला बर्लिनमध्ये जुन्या बोटॅनिकल गार्डनच्या ट्रॅकवर एक पुढची मोटरसायकल ट्रॅक सोडून थेट प्रेक्षकांत घुसली, पेट्रोलने पेट घेतला आणि नऊ माणसं गेली. सरकारने मग काही काळ अशा शर्यती बंदच केल्या.

रोबल तोवर विमानांच्या नादाला लागला होता. मला यात नवल वाटत नाही, ज्याला वारा कापायची चटक लागली तो अजून कुठे जाणार. १८ जून १९१० ला श्टेटिनला, म्हणजे आताच्या पोलंडमधल्या श्चेचिनला, विमान पडलं आणि तो गेला. वय ३२. ट्रॅकवर इतकी वर्षं काढून वाचलेला माणूस. विमान अपघातात गेलेल्या पहिल्या जर्मन वैमानिकांत त्याचं नाव घेतात.

प्रश्न: एवढ्या आवाजात मागच्याचं पुढच्याला ऐकू कसं जातं? आणि त्या सायकलीचं पुढचं चाक बारकं का? फोटो बघून वाटलं कोणीतरी उलटं फिट केलंय. – सायकल दुकानवाला, चिपळूण

उत्तर: दुकानवाल्याची नजर! काटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, खरंच उलटा असतो, पुढे वाकायच्या ऐवजी मागे. चाक बारकं आणि काटा उलटा, म्हणून माणूस मोटरसायकलच्या अजून जवळ जातो आणि सायकल पण सरळ धरते. सीटला पुढून एक सपोर्टचा दांडा, पुढचं दातेरी चक्र एवढं मोठं की साठाच्या वर दात, ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही, म्हणजे चाक फिरतंय तोवर पेडल पण फिरणारच. मोटरसायकलच्या मागे आडवा रोलर असतो, मोकळा फिरणारा. चाक त्याला घासलं तर रोलर गरगर फिरतो, माणूस पडत नाही. टेम्पोच्या बंपरला ही सोय नाही एवढंच सांगतो.

त्या रोलरपासून हातभर मागे पडलात की वारा असा अंगावर येतो की परत जवळ जाणं मुश्किल. जर्मनीत माणूस पार बावचळलेला असला की तो रोलरवरून सुटलाय म्हणतात, ते याच खेळातून आलं असं सांगतात.

आता ऐकू येण्याचं. पुढचा गाडीवाला चामड्याचा ड्रेस घालून जवळजवळ ताठ उभा राहतो, म्हणजे आडोसा मोठा मिळतो. त्याच्या हेल्मेटला कानाजवळची भोकं मागच्या बाजूला उघडी असतात. मागचा ओरडतो ‘आले’, हा फ्रेंच शब्द, म्हणजे वाढव. ‘हो’ म्हणजे कमी कर. एसटीची घंटी कशी, एक मारली की थांब, दोन मारल्या की चल, तसंच. फक्त आपल्या माणसाने मागनं आनंदात ‘हो हो’ केलं तर गाडी उभीच राहायची! आणि सगळं सत्तर-ऐंशीच्या स्पीडला, उतरत्या, म्हणजे वळणाला आतल्या बाजूला कललेल्या ट्रॅकवर, दुसरा गाडीवाला बाहेरून ओव्हरटेक मारत असताना. सायकलवाला जिंकतो, पण शर्यत निम्मी तरी पुढचा चालवतो. आपल्याकडे ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या, कसा, जाळं खेचणारे मागे पण कान त्याचे तिकडेच.

प्रश्न: हा खेळ अजून आहे का? – कॉलेज विद्यार्थिनी, सावंतवाडी

उत्तर: आहे, पण वर्ल्ड चॅम्पियनशिपमधून १९९४ नंतर काढून टाकला. तोवर जर्मनांनी बरंच मारलं. एरिख मेत्सेने १९३४ आणि १९३८, आणि तोच १९५२ ला एर्फुर्टच्या ट्रॅकवर पडून गेला. कोलोनच्या विल्फ्रिड पेफगेनने १९७६, १९७८, १९८०. मला सगळ्यात आवडते ते बर्लिनचे पोडलेश बापलेक. बाप रायनर, हौशी गटात १९७८ आणि १९८३ चा चॅम्पियन. मुलगा कार्स्टन १९९४ ला पालेर्मोत जिंकला, आणि ती शेवटचीच वर्ल्ड चॅम्पियनशिप ठरली. घरात पदक आलं आणि दुकानच बंद झालं.

प्रश्न: माझो झील दहावीत आसा. मामाच्या बुलेटीच्या पाठसून सायकल चालवतलंय म्हणता. सोडू काय? – एक आई, मालवण

उत्तर: नको वहिनी. बुलेटला रोलर नाही, मामाच्या हेल्मेटला मागे भोकं नाहीत (मामा हेल्मेट घालतो का हा वेगळाच प्रश्न), आणि आपल्या रस्त्याला खड्डा कुठे आहे ते मामाला दिसेल पण झिलाला नाही दिसणार. मामा खड्डा चुकवणार आणि मागचा सरळ त्यात. दहावी होऊ दे, मग सुट्टीत पुण्याला बालेवाडीला वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतीचा ट्रॅक, आहे तो दाखवून आणा. उतरता ट्रॅक म्हणजे काय ते एकदा बघितलं की बुलेटचा विषय बहुतेक तोच काढायचा नाही. आणि तरी काढलाच तर मामाला माझ्याकडे पाठवा, गुडघा दाखवतो.