शिलाई युनिटमध्ये लागतेयस, तर आधी एवढं बघ

अगं, कायद्याची कलमं नंतर. नाशिकमधलं सातपूर असो की अंबड, पहिल्या महिन्यात फक्त हे सांभाळ.

१. स्वतःची वही ठेव. आलीस किती वाजता, सुटलीस किती वाजता, कुठल्या बंडलचे किती पीस काढले, रोज लिही. नव्या मुली सगळं सुपरवायझरच्या रजिस्टरवर सोडतात, मग पगाराच्या दिवशी हातात पुरावाच नसतो. पीसरेट, म्हणजे नगावर पैसे, असला तरी किमान वेतनाखाली पैसे देता येत नाहीत. आठवड्याचे ४८ तास भरले की पुढच्या तासांना दुप्पट दर.

२. कोऱ्या कागदावर सही नाही. कधीच नाही.

३. पीएफ कापतात ना? यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, मागून घे, पैसे खरंच भरले जातात का ते सरकारच्या उमंग ॲपवर बघ.

४. जिन्याच्या दाराला कुलूप दिसलं तर गप्प बसू नकोस, पण एकटीही जाऊ नकोस. लाइनमधल्या चौघींना घेऊन बोल. धोका दिसूनही दुर्लक्ष केलं की काय होतं बघ: बांगलादेशात राणा प्लाझा या शिलाई कारखान्यांच्या इमारतीला पडलेल्या भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या. तरी २४ एप्रिल २०१३ला कामगारांना आत पाठवलं, इमारत कोसळली, ११०० हून जास्त जीव गेले.

युनियन, ज्यांचे कपडे शिवतेस त्या ब्रँडकडे तक्रार, हे पुढचं. पहिली पगारपावती मिळाली की घेऊन ये, बसून बघू.