स्वातंत्र्याची किंमत : १५ कोटी फ्रँक

प्रश्न : हरलेल्या देशाने जिंकणाऱ्याला भरपाई द्यावी, हे समजते. परंतु हैतीने फ्रान्सच्या फौजेला हरवले आणि तरीही पुढे हैतीनेच फ्रान्सला भरपाई दिली, असे वाचनात आले. हे कसे घडले? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. सँ-दोमँग, म्हणजे आजची हैती, ही फ्रान्सची सर्वांत किफायतशीर वसाहत होती आणि तेथील ऊस व कॉफीच्या मळ्यांवर सुमारे पाच लाख गुलाम राबत होते. १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला, पुढे नेपोलियनने धाडलेल्या फौजेला पाणी पाजले आणि १ जानेवारी १८०४ रोजी ‘हैती’ या नावाने स्वातंत्र्य जाहीर केले. लढाई संपली, पण या राज्याला राज्य म्हणायला कोणी तयार नव्हते. गुलामांनी उभारलेल्या सत्तेला मान्यता दिली तर आपल्याही मळ्यांवर ठिणगी पडेल, ही धास्ती इतरांना होती. शेजारच्या अमेरिकेने तर १८६२ पर्यंत मान्यता दिली नाही.

ही कोंडी फ्रान्सने ओळखली. १७ एप्रिल १८२५ रोजी राजा दहावा शार्ल याने एक हुकूम काढला आणि तो पोहोचवायला तोफांनी सज्ज असे आरमार पाठवले. हुकूम मुळातून वाचण्यासारखा आहे. त्यात ‘हैती’ हा शब्दच नाही. ‘सँ-दोमँगच्या फ्रेंच भागातील सध्याचे रहिवासी’ असा उल्लेख आहे, जणू एकवीस वर्षे चाललेले सरकार म्हणजे मालकाच्या गैरहजेरीत वाड्यात शिरलेले बिऱ्हाड. या रहिवाशांनी जुन्या मळेवाल्यांच्या भरपाईसाठी पाच समान वार्षिक हप्त्यांत १५ कोटी फ्रँक भरावेत आणि फ्रेंच जहाजांकडून निम्मीच जकात घ्यावी, अशा स्वातंत्र्याला मान्यता देण्याच्या अटी होत्या. भरपाईच्या हिशेबात जमिनी व घरांबरोबर गुलामही मालमत्ता म्हणून धरले गेले. म्हणजे बेड्या तोडणाऱ्यांनी आपल्याच देहाची किंमत जुन्या धन्याला मोजायची होती. १८०३ मध्ये फ्रान्सने अवाढव्य लुईझियाना प्रांत अमेरिकेला विकला, तो व्यवहार अवघा ८ कोटी फ्रँकचा होता.

राष्ट्राध्यक्ष बॉय्ये यांनी अटी मान्य केल्या. पहिलाच हप्ता ३ कोटींचा आणि खजिन्यात तेवढे पैसे नव्हते, म्हणून पॅरिसमध्ये ३ कोटींचे कर्ज काढले. सावकाराने आधीच कापून घ्यावे तसे हातात आले २ कोटी ४० लाख. १८३८ मध्ये उरलेली रक्कम ६ कोटींवर आणली गेली, तरी एका कर्जासाठी दुसरे कर्ज हे चक्र विसाव्या शतकापर्यंत फिरत राहिले.

मला यातली अधिक बोचणारी बाब देशाच्या आतली वाटते. करार केला राजधानीतल्या सत्ताधाऱ्यांनी. पैसा आला तो मुख्यतः कॉफीवरील निर्यात करातून, म्हणजे डोंगरउतारावर कॉफी पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घामातून. १८२६ च्या ग्रामीण कायद्याने तर शेतमजुराला पुन्हा मळ्याशी बांधून टाकले. ज्यांनी गुलामी उलथवली त्यांच्याच पोरांना हा कायदा लागू झाला.

प्रश्न : ही रक्कम परत मिळण्याची शक्यता आहे काय? (एक वाचक, पणजी)

उत्तर : नजीकच्या काळात दिसत नाही. २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आरिस्तिद यांनी २,१०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम मागितली; पुढच्याच वर्षी ते पदच्युत झाले आणि नव्या सरकारने ती मागणी सोडून दिली. त्या हुकुमाला २०० वर्षे झाली त्या दिवशी, १७ एप्रिल २०२५ रोजी, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग नेमण्याची घोषणा केली. पैसे परत करण्याबाबत मात्र त्यांनी कोणतेही आश्वासन दिले नाही.